30 बाय 60

जन्म सोलापूरचा, शाळा सोलापूरची, लग्नही इथल्याच मंगल कार्यालयात लागलं. आणि ज्या गावाच्या नावावर निम्मा महाराष्ट्र पांघरूण घेतो त्या गावात, माझ्या स्वतःच्या घरात, मी परवा टॉवेल पांघरून झोपलो. एक रात्र नव्हे, तीन रात्री.

यंदा 26 जानेवारी सोमवारी आली, तिथंच घोळ झाला. अशी जोडून सुट्टी नातेवाइकांना ऑक्टोबरातच दिसते आणि आपल्याला ते दारात उभे राहिल्यावर. होम मैदानावरचा सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा अजून उठला नव्हता, शेतात हुरडा आला होता, आणि 'सोलापूरला काय थंडी असते हो' हे वाक्य खरं की खोटं ते तपासायचं होतं. शुक्रवारी रात्री पुण्याहून गाडीनं साडू, मेहुणी, दोन पोरं आणि सासूबाई. पाठोपाठ लातूरचा चुलतभाऊ, बायको आणि मुलीसह. आणि रात्री अकराला, 'सरप्राइज!' असं ओरडत, कॉलेजचा एक मित्र सहकुटुंब, तिघं. पाहुणे 11, घरचे आम्ही 4. बायकोनं कपाटं, पेट्या, दिवाण सगळं उपसून चादरी मोजल्या. 14 निघाल्या. उरलेला मनुष्य कोण, याचा निर्णय कोणी बोलून दाखवला नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं.

तुम्ही म्हणाल, सोलापुरात घर आणि चादरी 14च? अहो, राहतील कशा? गेल्या पंचवीस वर्षांत आम्ही ज्या ज्या घरी गेलो तिथं एकेक चादर देऊन आलो. कुणाचं लग्न, चादर. वास्तुशांत, चादर. बदली होऊन चाललेले साहेब, चादर. मुलाला क्लासला प्रवेश देणाऱ्या सरांनाही चादरच. परगावी निघालेल्या सोलापूरकराच्या पिशवीत शेंगाचटणीचा पुडा, कडक भाकरी आणि चादर नसेल तर त्याला स्टेशनवर परत पाठवतील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमच्या चादरी आज नाशिक, ठाणे, कोल्हापूर इथं सुखानं नांदताहेत.

पाण्याचंही सांगून टाकतो, नाहीतर ते पोटात राहील. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. चार दिवसांनी येतो, कधी पाच, तोही पहाटे तीनला. उजनी भरली की पेपरात दरवाज्यांतून उसळणाऱ्या पाण्याचे फोटो छापून येतात, आम्हीही ते एकमेकांना पाठवतो. तिथून शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून प्रवास करत ते पाणी आमच्या हौदात पडेस्तोवर त्याचं एवढंसं होतं. साडूंची दोन्ही पोरं शॉवरखाली गाणी म्हणतात. एका गाण्याला दोन बादल्या. मी दाराबाहेर उभा राहून कडवी मोजत होतो. पाहुण्यांना 'पाणी जपून' असं म्हणता येत नाही आणि टँकरवाल्याला 'पाहुणे आलेत' असं सांगून भाव कमी होत नाही. असो.

तर शनिवारी सकाळी साडू म्हणाले, "खरी सोलापुरी चादर घ्यायची. ओरिजिनल. तुम्ही बरोबर असलात की फसवणार नाहीत." मी मनात म्हटलं, बरंच झालं, आपणही एक उचलू.

दुकान पूर्व भागातलं. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट पायांतून वर चढतो. गादीवरचं पोरगं घडी घालून ठेवलेली चादर दोन कोपऱ्यांना धरून अशी झटकायचं की फट्ट आवाज होऊन ती हवेतच उघडायची, आणि खळीचा तो कोरा, किंचित आंबूस वास नाकात भरायचा. अशा तीसएक चादरी साडूंनी उघडायला लावल्या. प्रत्येक वेळी त्यांना "अजून थोडा वेगळा निळा" हवा होता. काउंटरशेजारी स्टुलावर एक म्हातारबाबा बसले होते. भर दुपारी माकडटोपी, स्वेटर, हातात रिकामा चहाचा कप. मालक नव्हेत, गिऱ्हाईक नव्हेत. पोरगं त्यांना 'ताता' म्हणत होतं, म्हणजे तेलुगूत आजोबा.

मी हळूच पोराला म्हटलं, "एक सिंगल वेगळी काढ रे. माझ्यासाठी."

स्टूल करकरलं. "तुमी गावचेच ना ओ?"

"हो."

"मग चादर कुणाला घ्यायलालाव?"

"मलाच. घरात पाहुणे आलेत. चादरी कमी पडल्या."

बाबांनी कप खाली ठेवला. माकडटोपी कानांवरून वर सरकवली, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. "काय पडल्या?"

"कमी."

"सोलापुरात?"

इथं मी विषय बदलायला हवा होता. पण माणूस खोटं बोलायला लागला की त्याला आकडे आठवत नाहीत आणि खरं बोलायला लागला की थांबता येत नाही. मी 11 अधिक 4 वजा 14 असं सगळं गणित त्यांना सांगून बसलो.

"मग राती काय पांघरलाव?"

"टॉवेल."

"कितीचा?"

"म्हणजे?"

"साइज ओ, साइज. 30 बाय 60?"

"असेल."

बाबा स्टुलावरून उठले. मला खांद्याला धरून सरळ उभं केलं आणि माझ्या डोक्यापासून वीत ठेवत ठेवत खाली गेले. सातव्या वितेला माझ्या गुडघ्याखाली पोचले आणि थांबले. "हितवर टावेल संपला. आन् पाय?"

"आखडून घेतले."

"आन् कूस बदलली तर?"

मी गप्प. बाबांनी मागच्या खोलीकडं तोंड करून तेलुगूत काहीतरी पुकारलं. मला तेलुगू येत नाही, पण टॉवेलला सगळ्या भाषांत टॉवेलच म्हणतात. आतून दोन माणसं, एक बाई आणि चहावाला असे चौघं बाहेर आले आणि माझ्या पायांकडं पाहू लागले. साडू हसले. साडूंनी हसायला नको होतं. माझ्या वाटणीची चादर त्यांच्याच अंगावर होती. आमच्या घरातली पंधरा वर्षं धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली मोराची चादर त्यांनी पहिल्या रात्रीच "ही मस्त आहे" म्हणून ओढून घेतली होती.

मग बाबांनी साडूंचा क्लास घेतला, एवढं एक समाधान. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. "वरनं काय बघता? उलटी करा. जेकॉर्ड लूमवरची असली तर मागनं बी तीच नक्षी, फकस्त रंग उलटा. आता कुटला बी माल आनत्यात आन् सोलापुरी म्हनून इकत्यात. पाणीपतचा बी." साडूंनी "भौगोलिक मानांकन वगैरे मिळालंय ना सोलापुरी चादरीला?" असं विचारलं. बाबा म्हणाले, "मिळालंय की. कागूद मिळालाय. पोरं लूम सोडून पुण्याला गेली, तुमच्याकडंच असतील, बघा कुटं वॉचमन." पुण्याचे साडू त्यावर काही बोलले नाहीत. मीही नाही. 1761 मध्ये एक पानिपत झालं, हे दुसरं चालूच आहे.

साडूंनी सहा चादरी घेतल्या. माझी सिंगल पोरानं बांधायला घेतली तर बाबांनी हात आडवा केला. "यांना देऊ नको रे. पाव्हणे गेले की 11 मोकळ्या हुतील. दोन रातीसाठी कशाला पैसा घालवता?" चौघांनी माना डोलावल्या. एवढ्या लोकांसमोर हट्ट धरून चादर विकत घेण्याचं धाडस मला झालं नाही. तसाच बाहेर पडलो.

रविवारी मोहोळच्या बाजूला मित्राच्या शेतावर हुरडा. त्याचं फार सांगत नाही, हुरडा हुरड्यासारखाच होता. आगटीतून काढलेली कणसं हातावर चोळताना तळवे भाजले, शेंगाचटणीनं जीभ भाजली, आणि साडूंनी "हे ऑरगॅनिक आहे ना?" असं विचारल्यावर शेतातला गडी त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला. फोटोसाठी साडूंनी नवी चादर खांद्यावर घेतली, किमतीच्या चिठ्ठीसकट. मात्र रात्री झोपताना पुन्हा माझीच मोराची. का, तर "नवी धुतल्याशिवाय अंगावर घेऊ नये." घरात सहा कोऱ्या चादरी पिशवीत झोपल्या होत्या आणि मी दोन टॉवेल घेऊन. दोन घेतले की एक वर सरकतो, एक खाली सरकतो आणि पोट उघडं पडतं. सोलापूरला थंडी नसते म्हणणाऱ्यांनी पहाटे चार वाजता पोट उघडं टाकून बघावं. त्यात तीनला नळ आला होता, म्हणजे मी ओलाही होतो.

सोमवारी झेंडावंदन, नाश्ता, फोटो, पुन्हा फोटो, आणि दुपारी गाड्या हलल्या. संध्याकाळी चादरी मोजल्या. 13.

आठ वाजता मेहुणीचा फोन. "भाऊजी, तुमची ती मोराची चादर गाडीत आलीय ओ चुकून. पिल्लू झोपलं होतं ना, तसंच गुंडाळून उचललं. कुरिअर करू का?"

मी 'कर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं फोन घेतला. "छे गं, राहू दे! सोलापुरात काय चादरीला तोटा?"

मंगळवारी ऑफिसातून येताना वाट वाकडी करून मी त्या गल्लीत गेलो. दुकान उघडं होतं. बाबा स्टुलावरच होते. मी पलीकडच्या बाजूनं, मान खाली घालून निघालो होतो, पण त्यांनी ओळखलं. हाक मारली नाही. कप खाली ठेवला, माकडटोपी वर केली, आणि दोन्ही हात पसरून हवेत माप दाखवलं. टॉवेलएवढं.