माझ्या सेटिंगला हात लावू नका!

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू, लॉटचे फोटो आणि वजनं फोनमध्ये, आणि केबलने कॉम्प्युटरला जोडला की फोन नुसता चार्ज होतो! अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, हे असंच. दर वेळी नोटिफिकेशन ओढा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तेही एकवेळ चालेल. पण अ‍ॅपवाल्यांनो, फोन आणि कॉम्प्युटरवरच्या फाइली जुळत्या ठेवणारं तुमचं सिंकचं अ‍ॅप अपडेट झालं की 'फक्त फोनकडून कॉम्प्युटरकडे' ही माझी सेटिंग पुसून परत दुतर्फा का करता? दुतर्फा म्हणजे जागा करायला फोनवरचा फोटो उडवला, की कॉम्प्युटरवरचाही गेला. शेतकऱ्याच्या मालाची नोंद असते हो ती! पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करताना त्याला दाखवायचं काय? निदान डिलीट करण्याआधी एकदा विचारा तरी!