सालीखालचे चपटे किडे रक्त पीत नाहीत, आणि त्यांच्यासाठी फणस सोलू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, नंदगड, जांबोटी भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आधी कन्नडमध्ये होता, आता मराठीत आलाय. म्हणणं असं: आंबा, फणस, काजूच्या सालीखाली दिसणारे चपटे काळपट किडे म्हणजे 'जंगली ढेकूण'. ते रात्री घरात शिरून रक्त पितात, झाड वाळवतात, रव्या-तांदळातही तेच होतात. उपाय काय, तर बुंध्याची साल सोलून जळकं ऑइल फासा. नुसता वाचून सोडून दिला असता. पण माझ्या मामाने तो खरा मानून कोयता उचलला, म्हणून लिहितेय.

पहिलं, रक्त. हे किडे ढेकणासारखे दिसतात, हे मान्य. दोघंही एकाच मोठ्या गणातले, दोघांनाही सोंडेसारखी सुई असते. साम्य इथेच संपतं. सालीखालच्या या किड्यांना इंग्रजीत 'फ्लॅट बग' म्हणतात, शास्त्रात त्यांचं कुळ अ‍ॅराडिडी. बहुतेकांचं खाणं बुरशी. कुजक्या लाकडात पसरलेल्या बुरशीच्या तंतूंचा रस ओढायला त्यांची सुई इतकी लांब असते की एरवी ती डोक्यात गुंडाळून ठेवावी लागते. परसातल्या कुजलेल्या ओंडक्याची सुटलेली साल उचलून बघा. पांढऱ्या बुरशीलगत लहान-मोठे सगळे एकत्र चिकटून बसलेले असतात, चहाच्या पत्तीसारखे. काडी लावली तरी पटकन हलत नाहीत. ज्यांना पंख असतात त्यांचे पंख पोटाहून अरुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पोटाची कड उघडी दिसते. ढेकणाला उडायचे पंखच नसतात आणि रक्त प्यायला की तो टम्म फुगतो. घरात ढेकूण येतात ते सामानातून, जुन्या पलंगातून, गाद्यांतून. फणसावरून नाही.

दुसरं, 'हेच झाड वाळवतात'. युरोपात या कुळातली एक जात पाइनच्या झाडाचा रस शोषते आणि तिथे ती उपद्रवी मानतात, एवढं खरं. पण आपल्या आंब्या-फणसाच्या बुंध्यावर हे किडे दिसतात ते जिथे साल आधीच मेलेली असते, बुरशी आलेली असते तिथे. झाड खंगायला लागल्यावर ते येतात. खंगण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

आणि आता तो उपाय. यावर मला राग आवरत नाही. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्या आतल्या जिवंत थरातून. बुंध्याभोवती साल गोल काढली की मुळं उपाशी पडतात. झाड लगेच मरत नाही, काही महिने पानं हिरवी राहतात, आणि माणूस म्हणतो, 'बघा, उपाय लागू पडला.' मामाच्या फणसाची कंबरेएवढ्या उंचीवरची साल तीन बाजूंनी गेली. चौथी बाजू राहिली, कारण मामी ओरडत आली. सोललेल्या जागी चीक गळत होता आणि त्यावर ऑइल फासलेलं. आजोबांनी लावलेलं झाड आहे ते. किडे किती सापडले विचारलं, तर मुठीतही भरणार नाहीत एवढे.

काजूवाल्यांनी तर जास्तच सावध राहावं, कारण काजूला खरा शत्रू आहे: रोठा, म्हणजे खोड आणि मूळ पोखरणारी अळी. ती चपटी नाही, जाड आणि पांढरट असते. बुंध्याशी डिंक आणि चघळलेला भुसा दिसला तर तीच समजा. पुत्तूरला काजू संशोधन संचालनालय आहे, आपल्याच कर्नाटकात. त्यांचा सल्ला आहे की पोखरलेल्या वाटेपुरतीच साल काढून अळी बाहेर काढावी आणि मारावी. निम्म्याहून जास्त घेराची साल खराब झालेलं किंवा पानं पिवळी पडलेलं झाड सहसा वाचत नाही, असंही तेच सांगतात. म्हणजे अळीने जे नुकसान करायचं, ते हा मेसेज कोयत्याने करायला सांगतोय. शंका असेल तर बुंध्याचा फोटो काढून होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रात दाखवा.

राहिला रव्याचा किडा. इथे मेसेजमध्ये अर्धा कण खरं आहे. सालीखाली चपटे भुंगेही असतात, 'फ्लॅट बार्क बीटल', त्यांचं या बुरशीखाऊ किड्यांशी नातं नाही. रव्या-तांदळात होणारा करवती कडांचा बारीक भुंगा पूर्वी त्यांच्याच कुळात धरत, आता वेगळा काढलाय. तो येतो किडलेल्या धान्यातून आणि दुकानातल्या पोत्यांतून. डबा रिकामा करून पुसून घ्या, कडक उन्हात वाळवा, नवा रवा घट्ट झाकणात ठेवा. त्यासाठी परसात कोयता घेऊन जायची गरज नाही.