रोज घडतं, तरी चमत्कारच

भावाला मुलगी झाली, मी आत्या झाले. आनंदानं चार ठिकाणी फोन केले, तर एक नातेवाईक म्हणाले, "अगं, पोरं रोजच जन्मतात, त्यात चमत्कार कसला?" मला हे अजिबात पटत नाही. रोज घडतं म्हणून एखादी गोष्ट लहान होते का?

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. प्राणवायू येतो तो वारेकडून, नाळेवाटे. जन्मल्यावर ते पाणी ओसरू लागतं, पहिला श्वास आत जातो, आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली इतके महिने उघडी असलेली वाट मिटते. पहिला टाहो फोडता फोडता एवढं सगळं सुरू झालेलं असतं! हे कसं होतं ते वाचल्यावर माझं नवल कमी नाही झालं, वाढलं.

आमची पोर दिवस भरायच्या आधीच आली. वजन १९०० ग्रॅम. वहिनी थकलेली, तेव्हा सिस्टरांनी भावाला शर्ट काढून बसायला सांगितलं आणि टोपी-लंगोट घातलेलं ते एवढंसं बाळ त्याच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापड गुंडाळलं. कांगारू मदर केअर म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. आईबापाच्या अंगाची ऊब, बस. चोपडा तालुक्यातला केळी पिकवणारा माझा भाऊ, बोटं केळीच्या चिकानं काळी पडलेली, तासन् तास न हलता बसायचा. खोकला आला तरी दाबायचा. वॉर्डातल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. आजी मात्र बघत राहिली आणि म्हणाली, "पोरनी बापले वळखी लिधं."

बाप असा बसलेला आपल्याकडे दिसत नाही. दिसायला हवा, प्रत्येक घरात.

आणि हो, भावानं पेढेच वाटले. "मुलगी ना, मग जिलेबी वाटायची," असं सांगणारे भेटलेच. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८४२ मुली होत्या. जिथं इतक्या लेकी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, तिथं आलेल्या प्रत्येकीसाठी गावभर पेढे वाटले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

घरी आल्यावर पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवला. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या. घरी येणाऱ्या भेटींचे त्यांचे दिवस ठरलेले: ३, ७, १४, २१, २८, ४२. उन्हात पदर डोक्यावर घेऊन यायच्या, झोळीच्या काट्याला बाळ लावायच्या, अंगावरचंच दूध पाजा, वरचं पाणीसुद्धा नको, म्हणून पुन्हा पुन्हा बजावायच्या. काटा २५०० च्या पुढे सरकला तेव्हा वहिनीआधी त्यांचेच डोळे भरले. या चमत्काराला असे हात लागतात, आणि त्यांचे कुणी फोटो टाकत नाही.

हल्ली मला सगळीकडेच थांबून बघावंसं वाटतं. घड कापला की केळीचं झाड संपतं, पण शेजारी पील, म्हणजे त्याच्याच बुडातून फुटलेलं नवं रोप, तोवर गुडघ्याएवढं झालेलं असतं. लहानपणापासून मळ्यात वाढले, तरी याचं अप्रूप वाटायला ही भाची यावी लागली.

बारसं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरलंय. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतील, झोके बांधलेले असतील, गौराईची गाणी असतील, आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी असेल. कानात नाव सांगायचा मान माझा, आणि नाव अजून ठरत नाहीये. दोन-तीन अक्षरी हवं, शाळेत शोभेल आणि आजीला ओट्यावरून मोठ्यानं हाक मारता येईल असं. सुचवा ना, मी सगळ्या कॉमेंट वहिनीला वाचून दाखवणार आहे.