अँबियंट म्हणजे लिफ्टमधलं म्युझिक नव्हे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की अँबियंट, म्हणजे ते संथ, बहुतेक वेळा शब्दांशिवायचं, आसपास नुसतं पसरून राहणारं म्युझिक, हे म्युझिकच नाही, लिफ्टमधलं म्युझिक जरा स्लो करून वाजवलंय, त्यात काही घडत नाही, सिंथेसायझरवर (सिंथवर) एक की दाबून धरली की ट्रॅक तयार, आणि ऐकणाऱ्यांना खरं तर नुसती झोप हवी असते. मला हे म्युझिक मनापासून आवडतं, त्यामुळे एकेक मुद्दा घेतेच.

आधी लिफ्ट. ऑफिसात, दुकानात वाजणाऱ्या म्युझिकचा मोठा धंदा म्युझॅक नावाच्या अमेरिकन कंपनीने केला, सुरुवात १९३४ ची. पुढे त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे ब्लॉक बनवले, प्रत्येक ब्लॉकमध्ये गाणी हळूहळू जास्त जोरकस होत जाणार, म्हणजे काम करणाऱ्यांचा वेग टिकेल. थोडक्यात तुमचा मूड ते ठरवणार. 'अँबियंट' हे नाव रूढ करणाऱ्या ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम काढला तेव्हा सोबतच्या, १९७८ मध्ये लिहिलेल्या टिपणात म्युझॅकचं नाव घेऊनच बरोबर उलटी भूमिका मांडली, की तसलं बॅकग्राउंड म्युझिक बनवताना त्यातली सगळी शंका, अनिश्चितता काढून टाकतात, मला ती राहू द्यायची आहे आणि शांतपणे विचार करायला जागा द्यायची आहे. लक्ष द्या किंवा दुर्लक्ष करा, दोन्ही जमलं पाहिजे ही त्याची अट. लोकांनी त्यातलं दुर्लक्ष तेवढं उचललं. लक्ष दिलं तर ऐकण्यासारखं काही सापडलं पाहिजे, ही अर्धी अट कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते अवघड तीच आहे.

'काही घडत नाही' हा मुद्दा तर मला सगळ्यात चुकीचा वाटतो. त्याच अल्बममधला पहिल्या बाजूचा दुसरा ट्रॅक घ्या. माणसांनी गायलेले सुटे सूर, प्रत्येक सूर वेगळ्या लांबीच्या टेप लूपवर, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत ठेवलेल्या टेपवर, एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस, अजून एक तीसच्या आसपास. लांबी जुळत नाही म्हणून सूर दरवेळी वेगळ्या क्रमाने भेटतात, कधी तिघं एकत्र येतात, कधी मधे लांब शांतता पडते, आणि हे कुणी बसून रचलेलं नाही, त्या लांब्यांमधूनच ते होत जातं. किंवा विल्यम बसिन्स्की हा अमेरिकन संगीतकार. २००१ मध्ये तो आपल्या जुन्या टेप डिजिटल करायला बसला आणि फिरता फिरता टेपवरचा चुंबकीय थर झडायला लागला, त्याने रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. एकच छोटी धून तासभर फिरते आणि हळूहळू तिच्यात भोकं पडत जातात, शेवटी तुकडे उरतात. आपल्या कानांदेखत काहीतरी संपतंय आणि म्हणे काही घडत नाही! घडतं, फक्त तीन मिनिटांत नाही घडत.

एक की दाबून धरण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. एलियान रादिग या फ्रेंच संगीतकार बाईने एआरपी २५०० नावाच्या सिंथवर तीन भागांचं एक काम १९८५ ते १९९३ एवढ्या काळात केलं, नुसती की दाबायला एवढी वर्षं लागत नाहीत. आळशी ट्रॅक असतात, स्ट्रीमिंगच्या प्लेलिस्टमध्ये तर भरपूर, पण ते कुठल्या प्रकारात नसतात?

राहिली झोप. हो, काही जण झोप यावी म्हणून हे लावतात, मॅक्स रिख्टर या संगीतकाराने २०१५ मध्ये आठ तासांहून मोठं 'स्लीप' त्यासाठीच केलं, आणि ज्याला रात्रभर डोळा लागत नाही त्याच्यासाठी ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण तेवढंच नसतं ना. घरातलं माणूस गेलं तेव्हा मला शब्द असलेलं एकही गाणं ऐकवत नव्हतं, प्रत्येक गाणं सांगत होतं की आता रड, आता सावर. हे म्युझिक काहीच सांगत नव्हतं, माझं जे चाललंय ते चालू देत होतं, आणि मी पूर्ण जागी होते. आणि वाजवणारेही काही झोपेत नसतात, अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस आणि तिच्या साथीदारांचा 'डीप लिसनिंग' घ्या, १९८९ चा अल्बम, जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत रेकॉर्ड केलेला, जिथे एक सूर विरायला साधारण ४५ सेकंद लागतात. म्हणजे आत्ता वाजवलेलं मघाशी वाजवलेल्यावर जाऊन बसणार, पुसता येणार नाही, त्यामुळे पुढचा सूर लावायच्या आधी हवेत अजून काय काय उरलंय ते प्रत्येकाला नीट ऐकावं लागत होतं.