गोगोलच्या ‘शिनेल’ला मराठीत तरी ‘तो’ म्हणू नका

निकोलाय गोगोलची १८४२ सालची ही कथा आपल्याकडे ‘ओव्हरकोट’ म्हणून ओळखली जाते. रशियन नाव ‘शिनेल’, आणि हा शब्द रशियनमध्ये स्त्रीलिंगी आहे. माझं ठाम मत आहे की मराठी अनुवादात तो जसाच्या तसा ठेवावा आणि ‘ती शिनेल’ म्हणावं. एवढ्याशा लिंगाचा हट्ट कशाला, हे कथेतला हिशेब मांडला की कळतं.

अकाकी अकाकियेविच पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यात कागदांच्या नकला करतो. पगार वर्षाला ४०० रूबलच्या आसपास. जुनी शिनेल पाठीवर आणि खांद्यांवर इतकी विरली आहे की शिंपी पेत्रोविच ठिगळ लावायलाही तयार नाही. कापड टाका धरणारच नाही म्हणतो. नवीन शिवायचे दीडशेच्या वर सांगतो. तो ८० ला शिवून देईल हे अकाकीला ठाऊक आहे, पण ८० म्हणजे वर्षाच्या पगाराचा पाचवा हिस्सा. खर्च केलेल्या प्रत्येक रूबलमागे एक ग्रोश हे क्षुल्लक नाणं डबीत टाकून, अशी कित्येक वर्षं काढून, त्याच्याकडे ४० साठले आहेत. उरलेल्या ४० साठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, कपडे धुवायला कमी टाकतो, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यात चवड्यांवर चालतो. आणि याच जागी गोगोल सांगतो की त्याचं जगणं एकाएकी भरून आलं, जणू लग्न झालं, जणू एक सखी आयुष्याची वाट बरोबर चालायला कबूल झाली. ही सखी म्हणजे जाड कापूस भरलेली, पक्क्या अस्तराची शिनेल.

रशियनमध्ये सखीही ‘ती’ आणि शिनेलही ‘ती’, त्यामुळे वाक्य कुठेही अडखळत नाही. इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही, तिथे हा धागा सुटतो. जर्मन ‘मांटेल’, फ्रेंच ‘मांतो’, इटालियन ‘काप्पोत्तो’, सगळे पुल्लिंगी. मराठीत मात्र ‘तो, ती, ते’ आपण दिवसभर बोलतो. जे रशियनला साधतं ते आपल्यालाही सहज साधलं असतं. पण आपण इंग्रजीवरून अनुवाद करतो, मधल्या भाषेत जे सांडलं ते आपल्यापर्यंत पोचतच नाही, आणि ‘कोट’ हा पुल्लिंगी शब्द घेऊन आपण त्याला सखी म्हणत बसतो. ‘डगली’ स्त्रीलिंगी आहे खरी, पण पीटर्सबर्गची थंडी डगलीने भागणार नाही. शिवाय कचेरीतले लोक त्याच्या जुन्या शिनेलला ‘कापोत’ म्हणजे घरात घालायचा झगा म्हणून हिणवतात, तिचं शिनेल हे मानाचं नावसुद्धा काढून घेतात. ते नाव अनुवादातच नसेल तर काढून घेणार काय?

दुसरी अडचण अकाकीच्या बोलण्याची. त्याचं वाक्य सहसा धड पुरं होत नाही. ‘तोवो’ या निरर्थक शब्दावर तो लटकत राहतो. इंग्रजी अनुवादकांना इथे फार कसरत करावी लागते. मराठीत ‘ते हे… म्हणजे आपलं हे… पेत्रोविच’ असं लिहिलं की माणूस समोर उभा राहतो. ही वाक्यं कृपा करून शुद्ध आणि पूर्ण करू नका.

तिसरी गोष्ट हुद्द्याची. पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये सरकारी नोकरीच्या १४ श्रेणी ठरवल्या. अकाकी नवव्या श्रेणीत आहे. आठवीत गेला की त्या काळी वंशपरंपरागत उमरावपद मिळत असे, म्हणजे तो बरोबर एक पायरी खाली अडकलेला आहे. ‘कारकून’ हा शब्द त्याच्या कामाला चपखल बसतो, पण त्याने तो सगळ्यात तळाचा वाटतो, आणि तसा तो नाही. अनुवादकाने श्रेणी एकदा स्पष्ट सांगावी आणि मग खुशाल कारकून म्हणावं. हुद्द्यांची ही भाषा मराठीला परकी नाही. गोगोलच्या १८३६ च्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चं पु. लं.नी १९५२ मध्ये ‘अंमलदार’ केलं, ते नावच किती आपलं आहे.

‘आम्ही सगळे गोगोलच्या ओव्हरकोटातून बाहेर आलो’ हे वाक्य दोस्तोयव्हस्कीच्या नावावर सर्रास फिरतं. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. फ्रेंच समीक्षक व्होग्युएने १८८० च्या दशकात एका रशियन लेखकाच्या तोंडचं म्हणून ते दिलं आणि ते जगभर गेलं. त्यापेक्षा दोस्तोयव्हस्कीची पहिली कादंबरी ‘गरीब माणसं’ (१८४६) वाचा. तिचा नायकही नकला करणारा कारकून. तो गोगोलची ही कथा वाचतो आणि भयंकर चिडतो, कारण आपलं दारिद्र्य कुणीतरी चव्हाट्यावर मांडलं असं त्याला वाटतं. गोगोलला इतकं जिवंत उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. चीनमध्ये लू शुनने १९१८ मध्ये आपल्या कथेला गोगोलच्याच ‘वेड्याची डायरी’चं नाव दिलं. झुंपा लाहिरींच्या ‘द नेमसेक’मधल्या बंगाली मुलाचं नावच गोगोल.

पुन्हा शिनेलकडे. पेत्रोविच शिलाईचे १२ रूबल घेतो, प्रत्येक शिवणीवर दाताने दाबून नक्षी उठवतो. कॉलरला मार्टन या प्राण्याची फर परवडत नाही म्हणून मांजराची लावतात, लांबून मार्टनसारखी दिसेल अशी निवडून. पहिल्याच रात्री शिनेल चोरीला जाते, थोड्याच दिवसांत अकाकी तापाने मरतो, आणि मग त्याचं भूत शहरात हिंडून लोकांच्या अंगावरून शिनेली ओढून काढतं: मांजराच्या, बीव्हरच्या, कापसाच्या, कोल्ह्याच्या, अस्वलाच्या, ‘हुद्दा न बघता’. मघाची नववी श्रेणी वाचकाला सांगितलेली नसेल, तर हे तीन शब्द पानावर नुसते पडून राहतात.