उणे ३० अंशांत जगणारी वेल आणि आपला काजू

सध्या गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या फ्रॉन्टेनॅक, मार्क्वेट या वाइनच्या द्राक्षवेली उणे ३० अंशांत जगतात. त्यांना गोव्याची हवा काय करणार? काजू काढा, द्राक्ष लावा.’ शेजारच्या मुलाने परवा काजू तोडायला माणूस बोलावला, म्हणून हे लिहायला बसलो.

‘उणे ३० सोसते म्हणजे कुठेही तगेल.’ सोसते ती हिवाळ्याच्या झोपेत, वाढ थांबलेली असताना. मिनेसोटा विद्यापीठाने फ्रॉन्टेनॅक १९९६ साली आणली, मार्क्वेट २००६ साली. दोघींच्या कुळात नदीकाठचं रानटी रिपारिया द्राक्ष आहे. दिवस लहान होऊ लागले की वेलीची वाढ थांबते, काडी पिकून तपकिरी होते, डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, हळूहळू थंडीला तयार होतात. तीच मार्क्वेट वसंतात लवकर फुटते आणि उशिरा पडलेल्या हिमाने तिचे कोवळे कोंब काळे पडतात.

‘इथे थंडीच नाही, मग तर सोपं.’ उलट कठीण. झोपलेले डोळे एकसारखे फुटायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते. पणजीत जानेवारीच्या पहाटेही २० अंशांच्या आसपास असतं. शिवाय तिकडे जूनचा दिवस १५ तासांहून मोठा, आपला सर्वात मोठा दिवस जेमतेम १३ तासांचा. उत्तरेकडच्या रिपारियाला तो आवरतं घेण्याचा इशारा वाटतो.

‘नाशकात होतात ना?’ होतात, पण जाती वेगळ्या. शिवाय एप्रिलला नव्या काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी फळछाटणी, डोळे फुटायला त्यांवर हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचा लेप आणि पुढे कोरडा हिवाळा.

‘रोग लागत नाहीत.’ फ्रॉन्टेनॅक डाऊनी या पानांवरच्या बुरशीरोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, हे खरं. पण ही पारख वर्षाला १००० मिलिमीटरही पाऊस नसलेल्या मुलखातली. आपल्याकडे ३०००च्या घरात पडतो. मी मांडवावर नाशिकची एक वेल चढवली होती. जूनमध्ये पानांवर तेलकट पिवळे डाग आले. पान उलटं केलं तर खाली पिठासारखी पांढरी बुरशी, बोटाने पुसली जाणारी. चतुर्थीला वेलीवर एक पान उरलं नव्हतं.

आणि काढायचं काय, तर काजू! मार्चमध्ये ज्याची बोंडं उर्राक आणि फेणी या गोव्याच्या दारूंना जातात, ज्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते झाड. मुलाला म्हटलं, बाबा, हौस असेल तर कुंडीत एक वेल लाव. दोन पावसाळे बघ. तोवर कोयता घरात ठेव.