‘हौस’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

चूल, पाणी, भांडी यातल्या आनंदावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्यावर एका ताईंची कमेंट आलीय. नाव दिलेलं नाही म्हणून ताईच म्हणतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही तुमची हौस आहे. माझ्या आईने तीस वर्षं चुलीच्या धुरात काढली, तिला त्यात कधी आनंद झाला नाही. तुमचा शहरात फ्लॅट आहे, कंटाळलात की परत जाल. आणि हीच कामं पुरुषाने केली की त्याचा लेख होतो.

उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवलं होतं, पण ‘हौस’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. लेख पटला नाही तर सांगा, चूक असेल तर दाखवा, मी ऐकून घेतो. पण तुमच्या लिहिण्याचा सूर असा आहे की जणू मी शनिवार-रविवार चुलीवरची भाकरी खायला आलेला पाहुणा आहे. तो सूर मला लागला, आणि तो लागला हे लपवत नाही.

आम्ही साडेचार वर्षं इथे राहतोय. राजापूर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे कातळपठाराच्या उतारावर, विजेचा शेवटचा खांब दीड किलोमीटर मागे राहतो. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात एवढं कोसळतं पण तो पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसायला लागतो. तेव्हा पोहरा खाली टेकल्याचा आवाज येतो, मग तासभर थांबायचं, झरे भरू द्यायचे, पुन्हा ओढायचं. हौशी माणूस एप्रिलमध्ये निघून जातो ताई. आम्ही साडेचार वर्षांत एकही मे महिना चुकवलेला नाही.

आणि हौस म्हणजे काय हो? सोलरच्या १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या दोन बॅटऱ्या, त्या निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत, म्हणजे हाताशी जेमतेम पावणेदोन युनिट. जुलैमध्ये चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा मिक्सर बंद, वाटण पाट्यावर, कपडे चुलीच्या वर दांडीवर. मिरगाच्या आधी लाकूडफाटा, सोडणं (नारळाची सालं), करवंट्या सगळं पडवीत रचून झालं पाहिजे नाहीतर पुढचे तीन महिने ओल्या लाकडाशी झगडा. एक गोष्ट मात्र मान्य करतो, ‘चूल पाच मिनिटांत पेटते’ असं मी लिहिलं होतं ते चूक आहे, ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात फुंकणी फुंकून फुंकून अर्धा तास सहज जातो. लेखात दुरुस्ती केलीय.

मी डोंबिवलीत चाळीत वाढलो. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, आईला सहाची लोकल असायची, त्यामुळे पाचवीपासून बादल्या-कळशा मी भरायचो आणि रात्रीची भांडी मीच घासायचो. तेव्हा कुणी लेख लिहायला लावला नव्हता. ते काम मला मनापासून नकोसं होतं, कारण पाणी किती येणार, कधी जाणार हे काहीच आपल्या हातात नसायचं, रांगेत नंबर आला की नळ बंद. इथे पाणी मी ओढतो, मला माहीत असतं दिवसाला बावीस पोहरे लागतात, त्यातले सहा आंघोळीला आणि तीन भांड्यांना, आणि भांड्यांचं पाणी केळीला जातं. केलेल्या कामाचं काय झालं हे संध्याकाळपर्यंत डोळ्यांना दिसतं. मी ज्याला आनंद म्हणतो तो हा, एवढाच. राखेने कढई घासताना ती राख ओली झाली की तेलकटपणा कसा सुटत जातो ते बघा एकदा, राखेतल्या क्षाराचा तेलाशी मिळून थोडा साबणच होतो (ॲल्युमिनियमला मात्र राख लावू नका, काळं पडतं). काथ्याने दोन हात मारले की पितळ असं निघतं की मी खरंच क्षणभर हातात धरून बसतो. याला कुणी हौस म्हणालं की वाईट वाटतं, कारण हौसेला सुट्टी असते आणि याला नाही.

बाकी मुद्द्यांचं म्हणाल तर धूर वाईटच, त्यात वाद नाही, आमच्या चुलीला धुराडं आहे. फ्लॅट भाड्याने दिलाय, त्या भाड्यावर बॅटऱ्या येतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि घरात कोणी काय करायचं ते आम्ही नवरा-बायको बघून घेऊ, त्याचा हिशोब अनोळखी माणसाला देण्याची मला गरज वाटत नाही. पुरुषाने लिहिलं म्हणून काम खोटं होत नाही.

कमेंट मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त पुढच्या वेळी नाव घालून लिहा. आणि तुमच्या आईंच्या चुलीला वैल (बाजूचं जोडचुलाणं) होता का, तेही लिहा. आमच्याकडे दूध वैलावर ठेवतो, धग बरोबर लागते, उतू जात नाही. त्या काय ठेवायच्या ते मला खरंच जाणून घ्यायचंय.